अणुकेंद्राचे वस्तुमान, आकार आणि घनता : सरासरी चुकीच्या कसोटीची चिकित्सा

१९३५ साली फॉन वायत्सेकर यांनी अणुकेंद्राच्या बंधन-ऊर्जेचे सूत्र मांडले आणि पुढच्याच वर्षी बेथे व बाखर यांनी त्यास सुटसुटीत रूप दिले. तेव्हापासून ह्या विषयात जी सूत्रे व जी कोष्टके प्रसिद्ध झाली, त्यांची प्रतवारी लावण्याचा एक रिवाज पडून गेला आहे. ज्यांचे मापन झाले आहे अशा सर्व अणुकेंद्रांची वस्तुमाने सूत्राने काढावयाची, मापनाशी त्यांचा फरक घ्यावयाचा, फरकांच्या वर्गांची सरासरी काढून तिचे वर्गमूळ घ्यावयाचे, आणि जो आकडा येईल तो सूत्राच्या कपाळी लावावयाचा. आकडा जितका लहान, तितके सूत्र थोर. मोलर, निक्स आणि त्यांचे सहकारी यांच्या १९९५ च्या कोष्टकाचा हा आकडा ०.६७ एमईव्ही, म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या हिशेबात पाऊणाच्या आत, होता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या सुधारित कोष्टकात तो ०.५६ वर आला. २०१४ साली चिनी संशोधकांच्या एका सूत्राने तो ०.३० च्या खाली नेला. अलीकडे संगणकास स्वयंशिक्षण देऊन उरलेल्या चुकाही शिकविण्याची पद्धत रूढ झाल्यापासून तो आणखी पुष्कळच खाली गेला आहे.

ही प्रगती खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि ती नेमकी कशाची प्रगती आहे, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. अणुकेंद्राचे वस्तुमान, त्याचा आकार आणि त्यातील द्रव्याचे घनता-वितरण ह्या तीन अलग वस्तू नव्हेत. एकाच वस्तूने दिलेल्या त्या तीन साक्षी होत. तिघांपैकी एकाचीच साक्ष घेऊन, तीही सरासरीने, निकाल देण्याची प्रथा जेथे सर्वांत अधिक फसते, नेमक्या त्याच ठिकाणी आज आपल्याला ह्या सूत्रांची गरज आहे, असे आमचे म्हणणे आहे. ते पडताळण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मुंबईत १९८५ पासून पंचवीस वर्षे जे काम झाले, त्याच्या तीन टप्प्यांत ह्या प्रश्नाच्या बहुतेक सर्व बाजू आलेल्या आहेत.

विचार पक्का होण्यास मात्र एक लहानसे निमित्त झाले. करमाड येथे पदवीच्या काही विद्यार्थ्यांशी अणुकेंद्राविषयी बोलण्याचा प्रसंग आला होता. आकारमानाची कल्पना यावी म्हणून मी म्हटले की, शिशाच्या अणूचा व्यास करमाडपासून छत्रपती संभाजीनगरापर्यंत, म्हणजे सुमारे वीस किलोमीटर, कल्पिला, तर त्याच्या केंद्राचा व्यास एक मीटरही भरणार नाही. आणि तरी अणूचे जवळजवळ सगळे वजन त्या मीटरभराच्या आतच असते. शिशाच्या केंद्राची बंधन-ऊर्जा १६३६ एमईव्ही आणि नामांकित सूत्राची सरासरी चूक अर्ध्या एमईव्हीच्या थोडी वर, हेही सांगितले. ही चूक लहान म्हणावी की मोठी, असे एकाने विचारले. फळ्यावर भागाकार केला : तीन हजारांत एक. भुईकाट्यावर कापसाने भरलेली तीस क्विंटलांची गाडी चढविली आणि काट्याने एक किलो अधिकउणे दाखविले, तर कोणी तक्रार करीत नाही, असे मी म्हणालो. त्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, भरल्या गाडीपुरते ठीक आहे, पण गाडीवरचे शेवटचे गाठोडेच अर्ध्या किलोचे असेल, आणि ते उतरविण्याआधीच्या व नंतरच्या वजनावरून त्याचे वजन काढायचे असेल, तर?”

ह्याहून नेमका आक्षेप मला एखाद्या परीक्षकाच्या अहवालातही आढळलेला नाही. अणुकेंद्रातून शेवटचा न्यूट्रॉन काढून घेण्यास जी ऊर्जा लागते, तीस विलगन-ऊर्जा म्हणतात. ती दोन शेजारी अणुकेंद्रांच्या वस्तुमानांच्या वजाबाकीनेच मिळते. आपल्या नित्य परिचयातील स्थिर अणुकेंद्रांत ती सात-आठ एमईव्ही असते, म्हणजे गाडीच्या हिशेबात गाठोडे चौदा किलोंचे असते आणि किलोभराच्या चुकीने फारसे बिघडत नाही. परंतु न्यूट्रॉनांची संख्या वाढवीत वाढवीत स्थैर्याच्या कडेला गेले म्हणजे गाठोडे हलके होत जाते. बेरिलियम-११ मध्ये ते अर्ध्या एमईव्हीचे आहे.

येथे प्रतिपक्षाचे एक म्हणणे न्यायाने नोंदविले पाहिजे. काट्याची चूक नेहमी एकाच दिशेची असेल, तर वजाबाकीत ती पुसली जाते. तद्वतच शेजारशेजारच्या अणुकेंद्रांविषयी सूत्राच्या चुका बहुधा सारख्या असतात आणि म्हणून विलगन-ऊर्जेतील चूक वस्तुमानातील चुकीपेक्षा काहीशी कमी भरते. हे खरे आहे. तरीही जी चूक उरते ती एमईव्हीच्या काही दशांशांची असते, आणि कडेवरची गाठोडी त्याच मापाची, किंबहुना त्याहून हलकी आहेत.

आता घनतेकडे येऊ. १९५० च्या दशकात स्टॅनफर्ड येथे हॉफस्टॅटर यांनी वेगवान इलेक्ट्रॉनांचे अणुकेंद्रांवरून प्रकीर्णन घडवून आणले आणि अणुकेंद्रातील विद्युत्भाराचे वितरण प्रथमच मापले. त्याबद्दल १९६१ चे नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले. चित्र असे निघाले की, मध्यभागी घनता जवळजवळ स्थिर असते आणि काठाशी ती दोन-अडीच फर्मीच्या पट्ट्यात नव्वद टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर उतरते. (सेंटिमीटरचे दहा लक्ष कोटी भाग केले तर त्यांतील एक, तो फर्मी.) हा उतार दाखविण्यासाठी फर्मी यांच्या नावाचे दोन स्थिरांकांचे फलन वापरण्याचा प्रघात पडला, आजही पाठ्यपुस्तकांत तेच असते. ते सोयीचे आहे, पण त्यात दोन दोष आहेत. केंद्रबिंदूशी त्याचा चढ पूर्णपणे शून्य होत नाही, म्हणजे अगदी मध्यावर बारीकसे टोक राहते. हा दोष संख्येने नगण्य. दुसरा दोष गंभीर आहे : काठापलीकडे, जेथे घनता विरळ होत जाते, तेथे ती कोणत्या वेगाने विरळ व्हावी हे पुंजयामिकी सांगते, आणि फर्मी-फलन तिकडे लक्ष देत नाही.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील वाय. के. गंभीर आणि एस. एच. पाटील यांनी १९८५ साली ‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजिक’ ह्या जर्मन नियतकालिकात न्यूट्रॉन व प्रोटॉन यांच्या घनतेचे जे सूत्र प्रसिद्ध केले, त्याचा जन्म ह्या दोन दोषांतून झाला आहे. सूत्र दिसावयास फर्मी-फलनासारखेच आहे. मध्यावरचे टोक घालविण्यासाठी त्यांनी एक पद वाढविले. परंतु खरा महत्त्वाचा बदल काठाबाहेरचा. शेवटच्या न्यूट्रॉनाचे तरंगफलन केंद्रापासून दूर जाताना ज्या गतीने मावळते, ती गती केवळ त्याच्या विलगन-ऊर्जेवर ठरते, हे प्राथमिक पुंजयामिकीतील सत्य. त्यांनी सूत्रातील उताराचा स्थिरांक स्वतंत्र न ठेवता थेट विलगन-ऊर्जेशी बांधून टाकला. प्रोटॉनाच्या बाबतीत विद्युत् प्रतिसारणामुळे होणारा फरकही त्यात आणला. म्हणजे घनतेच्या शेपटाचे माप वस्तुमानांच्या कोष्टकातून उचलले. वस्तुमान आणि घनता ह्या दोन साक्षीदारांना एकमेकांसमोर उभे करण्याचा हा प्रकार होता, आणि आमच्या मते ह्या सूत्राचे मोल त्याने दिलेल्या आकड्यांपेक्षा ह्या बांधणीत अधिक आहे.

त्याचा परिणाम हाताने पडताळून पाहता येतो. विलगन-ऊर्जा आठ एमईव्ही असेल, तर काठाबाहेर दर ०.८ फर्मीस घनतेच्या घातांकी भागाची सुमारे तिसऱ्या हिश्श्यापर्यंत घसरण होते. ऊर्जा अर्ध्या एमईव्हीवर आणा. ऊर्जा सोळा पटींनी घटली, म्हणून तिच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात शेपूट चौपट लांबले. आता तेवढ्याच घसरणीस ३.२ फर्मी लागतात. आणि सूत्राने विलगन-ऊर्जेत अर्ध्या एमईव्हीची चूक केली तर? एका बाजूस चूक झाली तर शेपूट २.३ फर्मीवर आखडते. दुसऱ्या बाजूस झाली तर न्यूट्रॉन बांधलेलाच राहत नाही, म्हणजे ते अणुकेंद्र आपल्या कोष्टकातून नाहीसे होते. हीच अर्ध्या एमईव्हीची चूक शिशाच्या बाबतीत आपण तीन हजारांत एक म्हणून सोडून दिली होती.

योगायोग असा की, त्याच १९८५ साली बर्कले येथील त्वरकावर तानिहाता व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम-११ चा विस्तार अपेक्षेपेक्षा फारच मोठा असल्याचे दाखविले. लिथियमच्या गाभ्याबाहेर दोन न्यूट्रॉन दूरवर पसरलेले असतात. चंद्राभोवती खळे पडावे तसे. ते दोन्ही मिळून काढून घेण्यास ०.३७ एमईव्ही पुरतात. १९८७ साली हान्सेन व योन्सन यांनी ह्या दुर्बल बंधनाचा आणि विस्ताराचा संबंध उलगडून दाखविला. पवईच्या सूत्रात हा संबंध आधीच घातलेला होता, आणि पुढे २००० च्या सुमारास गंभीर व पाटील यांनी ए. भागवत यांच्यासह ते सूत्र खळे असलेल्या अणुकेंद्रांस लावूनही पाहिले.

ह्या कामाची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. हे सूत्र विलगन-ऊर्जा सांगत नाही, ती मागते. जेथे मापन आहे तेथे ते बोलते. जेथे नाही तेथे ते दुसऱ्या कोणाच्या कोष्टकाच्या आश्रयास जाते, आणि त्या कोष्टकातील चूक वर दाखविल्याप्रमाणे वाढवून परत करते. शिवाय ते गोल अणुकेंद्रांसाठी आहे. आकाराची तिसरी साक्ष त्यात नाही.

ती आणण्याचा मार्ग गंभीर यांनी स्वतःच पुढील टप्प्यात धरला. जर्मनीतील पीटर रिंग व थिमेट यांच्यासह त्यांनी १९९० साली ‘ॲनल्स ऑफ फिजिक्स’ मध्ये सापेक्षीय सरासरी-क्षेत्र उपपत्तीची जी पद्धत सविस्तर मांडली, ती आज जगभर वापरात आहे. ह्या उपपत्तीत प्रोटॉन व न्यूट्रॉन मेसॉनांच्या क्षेत्रांतून फिरतात आणि ती क्षेत्रे त्यांच्याच घनतेतून निर्माण होतात. घनतेवरून क्षेत्र, क्षेत्रावरून घनता, असे फेरे दोन्ही जुळेपर्यंत घ्यावयाचे. कवच-प्रतिमानास १९४९ साली गोपर्ट-मायर व येन्सन यांना जी परिवलन-कक्षा जोडणी हाताने घालावी लागली होती, ती येथे समीकरणांतून आपोआप निघते. सहा-आठ स्थिरांक, तेही मूठभर अणुकेंद्रांवर जुळविलेले, आणि त्यांवर बंधन-ऊर्जा, त्रिज्या, लांबट-चपटेपणा, न्यूट्रॉनांचे वितरण हे सगळे एकाच गणनेतून बाहेर येते. तिन्ही साक्षीदार एकाच पिंजऱ्यात उभे राहिले असे म्हणावयास हरकत नाही.

मग सरासरी चुकीच्या कसोटीवर हिचे काय होते? ह्या घराण्यातील एनएल-३ नावाचा स्थिरांक-संच १९९७ साली आला. १९९९ साली लालाझिसिस, रामन व रिंग यांनी त्याच्या आधारे १३१५ सम-सम अणुकेंद्रांचे कोष्टक केले. वस्तुमानातील सरासरी चूक अडीच एमईव्हीच्या घरात, म्हणजे मोलर-निक्स कोष्टकाच्या जवळजवळ चौपट. कपाळावरचा आकडा पाहून निवड करणाऱ्याने ही उपपत्ती पहिल्याच फेरीत बाद केली असती. आणि त्रिज्या व आकार यांबाबत तिने जे सहज दिले ते त्याच्या पदरात कधीच पडले नसते.

परंतु तिच्या बाजूनेही डोळे मिटून बोलता येत नाही. १९९० च्या पद्धतीत तरंगफलने सरल आवर्ती दोलकाच्या फलनांच्या बेरजेने लिहिली आहेत. विकृत आकारांची गणना त्या काळच्या संगणकांवर आटोक्यात येण्यास ही युक्ती फार उपयोगी पडली. पण दोलकाची फलने दूर अंतरावर घातांकाच्या नव्हे, अंतराच्या वर्गाच्या घातांकाच्या वेगाने कोसळतात. कितीही फलने घेतली तरी कोठेतरी शेपूट तुटतेच. गंभीर-पाटील सूत्राने पाच वर्षांपूर्वी जी गोष्ट अचूक धरली होती, नेमकी तीच गंभीर-रिंग-थिमेट पद्धतीत काठाशी निसटली. एकाच संशोधकाच्या दोन कामांत हे घडावे हे शिकण्यासारखे आहे : आकार मिळविण्यासाठी शेपूट गहाण पडले. पुढे १९९६ साली मेंग व रिंग यांनी दोलक-फलनांचा आश्रय सोडून अवकाशातच समीकरणे सोडविली आणि लिथियम-११ चे खळे सापेक्षीय उपपत्तीतून काढून दाखविले. पण तेथे पुन्हा अणुकेंद्र गोल धरावे लागले.

आकाराची साक्ष वस्तुमानाच्या कोष्टकात किती पुसट उमटते, ह्याचे उदाहरण शिसे-१८६ हे आहे. २००० साली ह्या अणुकेंद्राच्या तीन सर्वांत खालच्या शून्य-परिवलन अवस्था तीन वेगवेगळ्या आकारांच्या असल्याचे प्रसिद्ध झाले : एक गोल, एक संत्र्यासारखी चपटी, एक विटीसारखी लांबट. दुसरी अवस्था पहिलीच्या वर ०.५३ एमईव्हीवर आणि तिसरी ०.६५ वर. म्हणजे तिन्ही आकार मिळून ज्या अंतरात बसले, ते मोलर-निक्स कोष्टकाच्या सरासरी चुकीएवढे आहे. असे कोष्टक शिसे-१८६ चे वस्तुमान उत्तम सांगू शकते आणि आकार साफ चुकवू शकते; आणि त्याला मिळणारे गुण जराही कमी होत नाहीत. शेजारच्या पाऱ्याची कथा तशीच आहे. त्याच्या हलक्या समस्थानिकांच्या त्रिज्या १९७० च्या दशकात मापल्या, तेव्हा एकेका न्यूट्रॉनागणिक त्या पुढेमागे उड्या घेताना आढळल्या. वस्तुमानांत त्या उड्यांची चाहूलही लागण्यासारखी नव्हती.

तिन्ही साक्षी एकत्र आल्याशिवाय ज्याचा उलगडाच होत नाही असे अणुकेंद्र २००९ साली जपानमधील रिकेन संस्थेत सापडले. निऑन-३१ मध्ये दहा प्रोटॉन व एकवीस न्यूट्रॉन. साध्या कवच-प्रतिमानाप्रमाणे विसाव्या न्यूट्रॉनाशी कवच पुरे होते आणि एकविसावा अशा कक्षेत जातो की, तेथील अपकेंद्री अडथळा ओलांडून तो दूर पसरू शकत नाही. म्हणजे ह्या अणुकेंद्रास खळे असता कामा नये. नाकामुरा व त्यांच्या सहकाऱ्यांना ते आढळले. त्याचे कारण आकारात आहे. हे अणुकेंद्र लांबट आहे. लांबट आकारात कक्षांची सरमिसळ होते, शेवटच्या न्यूट्रॉनास कमी अडथळ्याच्या कक्षेचा अंश लाभतो, आणि विलगन-ऊर्जा ०.१५ एमईव्हीच्या आसपास इतकी अल्प असल्यामुळे तो दूरवर पसरतो. वस्तुमानाने परवानगी दिली, आकाराने वाट काढली, घनतेत परिणाम दिसला. २०१४ साली मॅग्नेशियम-३७ मध्येही असेच खळे आढळले. ही अणुकेंद्रे ऑक्सिजनाच्या पुढची आहेत, म्हणजे सार्वत्रिक कोष्टकांच्या कक्षेत येणारी आहेत; ‘हलक्या अणुकेंद्रांस आमचे सूत्र लागू नाही’ ही सबब येथे चालत नाही.

तिसरा टप्पा २०१० चा. मुंबई विद्यापीठ व अणुऊर्जा विभाग यांनी २००७ साली स्थापिलेल्या मूलभूत विज्ञान केंद्रातील ए. भागवत यांनी बार्सेलोनाचे व्हिन्यास व सेंतेयेस, फ्रान्समधील शूक आणि स्टॉकहोमचे वीस यांच्या सहकार्याने वस्तुमानाचे एक सूत्र मांडले. अशा सूत्रांचा साचा १९६७ पासून स्त्रुतिन्स्की यांच्या नावाने चालत आला आहे : बंधन-ऊर्जेचा सपाट भाग द्रवबिंदूवरून घ्यावयाचा आणि कवचांमुळे येणारा चढउतार ऊर्जापातळ्यांवरून काढून त्यात मिळवावयाचा. चढउतार काढण्यासाठी पातळ्यांची सरासरी करावी लागते, आणि सरासरीत बंधनाबाहेरच्या, धन ऊर्जेच्या पातळ्याही ओढून आणाव्या लागतात. स्थैर्याच्या कडेवर शेवटचा न्यूट्रॉनच बंधनाच्या उंबरठ्यावर असतो; तेथे ह्या पातळ्या गणिताने कृत्रिमपणे उभ्या केलेल्या असतात, आणि सरासरीचा भरवसा राहत नाही. भागवत प्रभृतींनी पातळ्यांची सरासरी न करता १९३०च्या दशकातील विग्नर-कर्कवुड विस्तार चौथ्या कोटीपर्यंत घेतला. त्यात सपाट ऊर्जा सरळ विभवावरून व त्याच्या उतारांवरून निघते. ३६७ गोल अणुकेंद्रांवर द्रवबिंदूचे सहा स्थिरांक जुळवून सरासरी चूक ०.६३ एमईव्ही आली.

हा आकडा ०.३० च्या सूत्रांपुढे फिका दिसतो, आणि म्हणून ह्या कामाचे महत्त्व कमी लेखले जाण्याचा संभव आहे. आमच्या मते येथे आकडा दुय्यम आहे. जेथे जुनी रीत तर्कतःच कोसळते तेथे उभे राहण्याजोगी रीत दिली, हे ह्या लेखाचे श्रेय. स्त्रुतिन्स्कीच्या सरासरीस पर्याय शोधण्याची मुंबईत परंपराही आहे. रामामूर्ती, कपूर व कटारिया यांनी १९७० साली तुर्भे येथून दाखविले की, अणुकेंद्रास जसजशी उत्तेजन-ऊर्जा द्यावी तसतसे कवचांचे परिणाम विरत जातात. तापलेले अणुकेंद्र द्रवबिंदूसारखे वागू लागते. सपाट भाग गणिताने घासून काढण्यापेक्षा उष्णतेने प्रकट करावयाचा, ही कल्पना भौतिकीच्या दृष्टीने फार सुंदर होती. तिचा वस्तुमान-सूत्रांशी असलेला संबंध आपल्या अभ्यासक्रमांत सांगितला जात नाही, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

परंतु २०१० च्या सूत्रावर आमचा एक आक्षेप आहेच, आणि तो ह्या जातीच्या सर्व सूत्रांना लागू आहे. ज्या विभवात न्यूट्रॉन-प्रोटॉनांच्या पातळ्या काढल्या त्या विभवाची त्रिज्या एक विधान करते. द्रवबिंदूचे पृष्ठ व विद्युत् पद दुसरे विधान करते. दोन्ही एकाच अणुकेंद्राविषयी आहेत, पण त्यांची एकमेकांशी गाठ घातलेली नाही. सूत्र केवळ वस्तुमानावर जुळविले म्हणजे एका विधानातील चूक दुसऱ्यातील उलट चुकीने भरून निघते, आणि जमाखर्च जुळल्याचे समाधान मिळते. घनता विचारली की ही तडजोड उघडी पडते.

घनतेची साक्ष हल्ली अनपेक्षित दिशेने अधिक नेमकी झाली आहे. विद्युत्भार नसल्यामुळे न्यूट्रॉनांचे वितरण इलेक्ट्रॉनांना सहसा दिसत नाही. परंतु दुर्बल अन्योन्यक्रियेच्या द्वारे अत्यल्प प्रमाणात दिसते. अमेरिकेतील जेफर्सन प्रयोगशाळेने ह्या मार्गाने शिसे-२०८ च्या केंद्राभोवतीची न्यूट्रॉनांची साल मापली आणि २०२१ साली ती ०.२८ फर्मी, अधिकउणी ०.०७, असल्याचे प्रसिद्ध केले. २०२२ साली कॅल्शियम-४८ ची साल ०.१२ फर्मी आली. एनएल-३ शिशासाठी ०.२८ हेच उत्तर देते. वस्तुमानात अडीच एमईव्ही चुकणारी उपपत्ती येथे मापनाच्या मध्यावर बसते, तर वस्तुमानात अर्ध्या एमईव्हीच्या आत असणारी पुष्कळ प्रतिमाने ०.१५ ते ०.२० च्या दरम्यान राहतात. पण लगेच जयघोष करू नये. कॅल्शियमसाठी एनएल-३ सुमारे ०.२३ सांगते, आणि ते मापनाच्या दुपटीच्या जवळ जाते. दोन्ही साली एकाच वेळी नीट जुळविणे बहुतेक सर्वच प्रतिमानांना जड गेले आहे. वस्तुमानांच्या कोष्टकात ह्या अडचणीचा मागमूसही नाही.

हा प्रश्न मराठवाड्यास परका राहिलेला नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन-ताऱ्यांच्या मीलनाच्या गुरुत्वीय लहरी टिपल्या गेल्या, आणि त्यापाठोपाठ दिसलेल्या प्रकाशात जड मूलद्रव्ये घडत असल्याच्या खुणा आढळल्या. तेथे जी अणुकेंद्रे क्षणार्धात बनतात व मोडतात, त्यांपैकी बहुतेकांचे वस्तुमान पृथ्वीवर कोणी मापलेले नाही. सोने किती आणि थोरियम किती घडावे हे सूत्रांच्या भाकितावरच ठरवावे लागते. आणि शिशाची साल बाहेर ढकलणारा न्यूट्रॉन-द्रव्याचा दाबच न्यूट्रॉन-ताऱ्याची त्रिज्या ठरवितो. अशा लहरी टिपणाऱ्या वेधशाळेस हिंगोली जिल्ह्यातील औंढा परिसरासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या निरीक्षणांचा अर्थ लावणाऱ्यांत आपल्या विद्यापीठांतील विद्यार्थी असावयाचे, तर वस्तुमान-सूत्राच्या अभ्यासास आपण कोणते वळण देतो ह्याला महत्त्व येते.

सध्याचे वळण चिंताजनक आहे. उपलब्ध वस्तुमानांचे कोष्टक घ्यावयाचे, एखादे जुने सूत्र घ्यावयाचे, उरलेला फरक संगणकास शिकवावयाचा आणि दशांशचिन्हापुढे आणखी एक स्थान जिंकल्याचे जाहीर करावयाचे, अशा धर्तीचे प्रबंध वाढत आहेत. संगणकाच्या ह्या शिक्षणास आमचा विरोध नाही. कोठे चूक मोठी आहे हे तो फार त्वरेने दाखवितो, आणि तेवढ्यापुरते त्याचे साहाय्य अवश्य घ्यावे. परंतु ज्या अडीच हजार अणुकेंद्रांवर तो शिकला त्यांच्या सरहद्दीबाहेर, म्हणजे नेमके जेथे भाकीत हवे तेथे, त्याच्या बोलण्यास आधार कोणता, हे प्रबंधकार बहुधा विचारीत नाही आणि परीक्षकही विचारीत नाही. किमान एवढे तरी विचारता येईल : ह्या सूत्राची विलगन-ऊर्जा गंभीर-पाटील सूत्रात घातली तर बेरिलियमच्या पुढची, ऑक्सिजनच्या पलीकडची खळी जागच्या जागी येतात काय? त्याच स्थिरांकांवर पाऱ्याच्या त्रिज्या उड्या घेतात काय? निऑन-३१ लांबट निघते काय? ह्यांपैकी पहिले गणित तर कागद-पेन्सिलीने एका दुपारात होते. करमाडच्या त्या विद्यार्थ्यास मी ते घरी करावयास दिले होते. ०.१५ एमईव्हीसाठी त्याचे उत्तर ५.९ फर्मी आले, आणि ते बरोबर आहे.